पाहुणे गेल्यावर मोडकं-तुटकं कोण भरणार?

या वेळी निवडलेली पत्रं किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्या वाचकांची आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी जवळजवळ सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : विमा उतरवला की पाहुण्याने फोडलेलं बेसिनही त्यात आलं. तसं होत नाही. वादळ, आग, पूर, दरड ही विम्याची कामं. फुटलेलं बेसिन हे अनामत रकमेचं आणि चेक-आउटच्या वेळी नीट केलेल्या पाहणीचं काम. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस दोन्हीकडून अडकतो.

प्रश्न : आमचं चिरेबंदी, कौलारू घर आहे. मागच्या बाजूला बँकेचं कर्ज काढून तीन खोल्या बांधल्या, त्या पर्यटकांना देतो. कर्जाच्या वेळी बँकेनेच विमा उतरवला होता. तो या खोल्यांना चालेल ना?
– वाचक, दिवेआगर

उत्तर : बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. नुसतं प्रमाणपत्र नको, अटींसकट पूर्ण पॉलिसी हवी. विमा कुठल्या बांधकामाचा आहे, किती रकमेचा आहे आणि ‘वापर’ या रकान्यात काय लिहिलं आहे, एवढं आधी वाचा. कर्जासोबत आलेला विमा बऱ्याचदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो, जुनं घर त्यात धरलेलं नसतं आणि वापर ‘निवासी’ असा असतो. तुमच्या बाबतीत शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या ठरावीक साच्याच्या पॉलिसी देतात. त्यातली ‘भारत गृह रक्षा’ राहत्या घरासाठी आहे आणि त्या कामासाठी चांगली आहे. घरातल्या सामानाची यादी न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं. पण पैसे घेऊन दर आठवड्याला नवी माणसं उतरवणं हा व्यवसाय झाला. नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर पाहणीला येतो तेव्हा फाटकावरची पाटी, भिंतीवरचं दरपत्रक आणि पाहुण्यांची नोंदवही त्याच्या डोळ्यांसमोरच असते. वापर लपवला, एवढं कारण क्लेम नाकारायला पुरतं.

व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची सगळी मालमत्ता मिळून ५ कोटी रुपयांपर्यंत ती घेता येते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, दरड, छपरावर झाड कोसळणं, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं तिच्यात येतं. प्रस्तावाच्या अर्जात सरळ लिहा : ‘इमारतीतील तीन खोल्या अल्पमुदतीसाठी पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात, उरलेल्या भागात कुटुंब राहते.’ हेच वाक्य छापील पॉलिसीत उतरलं आहे का ते पाहा. ‘कशाला लिहिता, हप्ता वाढेल’ असं एजंट म्हणाला तर त्याचं ऐकू नका. क्लेमच्या दिवशी कागद तुमच्या नावावर असतो, त्याच्या नव्हे.

रक्कम ठरवताना जागेचा बाजारभाव धरू नका. जमीन वादळात उडून जात नाही. आज हेच घर पुन्हा उभं करायला किती खर्च येईल, तो आकडा हवा : चिरे, वासे-रिपा, मंगलोरी कौलं, गवंडी-सुताराची मजुरी आणि गावापर्यंतची वाहतूक. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ तुमच्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. एका वेळी शेकडो छपरं उघडी पडतात तेव्हा कौलांचे आणि पत्र्यांचे भाव काय होतात, हे तुम्हाला सांगायला नको. रक्कम कमी ठेवली तर भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. घर ४० लाखांचं, विमा २० लाखांचा आणि छपराचं नुकसान ६ लाखांचं असेल, तर हाती ३ लाखच येतात. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही.

पडवीवरची पत्र्याची शेड, सौर पॅनेल, विहिरीवरचा पंप आणि कंपाउंडची भिंत यांची नावं यादीत वेगळी घाला. आणि काय येत नाही तेही माहीत असू द्या. समुद्राने हळूहळू खाल्लेली जमीन, खाऱ्या हवेने गंजलेली ग्रिल, वाळवी, भिंतीतली ओल, नव्या भरावावरचं बांधकाम खचून पडलेल्या भेगा, यांपैकी कशाचीही भरपाई मिळत नाही.

प्रश्न : मे महिन्यात बारा जणांचा गट उतरला होता. गेल्यावर पाहिलं तर कमोडला तडा, ओट्याच्या ग्रॅनाइटचा कोपरा उडालेला, दोन गाद्यांवर रश्श्याचे डाग, टीव्हीच्या स्क्रीनवर रेघा. फोन केला तर ‘आधीपासूनच असेल’ म्हणाले. विम्यातून काही मिळेल का?
– वाचक, गुहागर

उत्तर : नाही. यातली एकही गोष्ट आग, वादळ किंवा पुरामुळे झालेली नाही. हाताळताना फुटलं, सांडलं, आपटलं हे साध्या अग्निविम्यात बसत नाही. दंगल, संप यांच्याबरोबर ‘हेतुपुरस्सर नुकसान’ असा एक धोका पॉलिसीत असतो. पण त्यासाठी पोलिसांतली तक्रार लागते आणि हेतू दाखवून द्यावा लागतो. भांडणात कुणी काठीने टीव्ही फोडला तर तो मुद्दा लावून धरता येईल. कोपरा उडालेल्या ग्रॅनाइटसाठी नाही. अपघाती मोडतोडीचं जादा कलम, काचांचा विमा, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा हे प्रकार मिळतात. मात्र प्रत्येक क्लेममधून ठरावीक रक्कम आधी वजा होते, त्यामुळे चार-पाच हजारांच्या वस्तूसाठी ते परवडत नाहीत. मोठा टीव्ही, एसी आणि इन्व्हर्टर मिळून लाखाच्या पुढे जात असतील तर मात्र उपकरणांच्या विम्याचा दर जरूर विचारा.

तुमचं खरं नुकसान झालं ते पाहणी पाहुणे गेल्यावर झाली म्हणून. गाडी फाटकाबाहेर पडली की ‘आधीपासूनच होतं’ या वाक्याला उत्तर उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

पाहुणे येण्याआधी, खोली झाडून-पुसून तयार झाली की मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. दारापासून सुरुवात करून भिंतीच्या कडेने पूर्ण फेरी मारा. टीव्ही चालू करून स्क्रीन दाखवा, कमोडमध्ये पाणी सोडून दाखवा, गादीवरची चादर उचलून दोन्ही बाजू दाखवा, ओट्याची कड जवळून घ्या. तीन-चार मिनिटं लागतात. हाच व्हिडिओ चेक-इनच्या वेळी पाहुण्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा, ‘खोली या स्थितीत दिली आहे, काही वेगळं आढळल्यास तासाभरात कळवावे.’ पाठवल्याची वेळ तिथेच नोंदली जाते.

अनामत रक्कम यूपीआयनेच घ्या, म्हणजे घेतल्याची आणि परत दिल्याची दोन्ही नोंद राहते. किती घ्यावी? एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतकी लोक कुरकुर न करता देतात. पूर्ण घर एका गटाला देत असाल तर दोन रात्रींच्या भाड्याइतकी मागा. बुकिंग पक्कं करतानाच सांगा, दारात आल्यावर सांगितलं तर वाद होतो.

निघताना सामान गाडीत चढण्याआधी गटातल्या एका माणसाला सोबत घेऊन फिरा. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. कमोडचा तडा बहुधा बुडाशी, स्क्रूच्या जवळ असतो. कुणी उकिडवं बसतं तेव्हा वजन कडेवर येतं आणि तिथून तो जातो. टॉर्च मारून बघा, फरशीवर पाण्याची बारीक रेघ दिसली तर तडा आरपार आहे. वॉश-बेसिन आणि न्हाणीघराच्या जाळीत पाणी सोडून बघा. समुद्रावरून आलेले पाय तिथेच धुतले जातात आणि वाळू ट्रॅपमध्ये बसते. गाद्या उलटून बघाव्याच लागतात, कारण डाग लपवायला गादी पालटली जाते. गीझर, पंखे, एसीचा रिमोट, टॉवेलची संख्या हेही त्याच फेरीत होऊन जातं. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबरासारखे तेलाचे गोळे येतात. ते पायाला लागून आत आले की चादरी आणि फरशी दोन्ही खराब होतात. फाटकाजवळ नळ, जुनं फडकं आणि थोडं खोबरेल तेल ठेवलंत तर हे नुकसान दारातच थांबेल.

शोषखड्ड्याचं मात्र त्या दिवशी कळत नाही. सॅनिटरी पॅड आणि ओले वाइप्स आत गेले की आठ-पंधरा दिवसांनी पाणी तुंबतं, तोवर आणखी दोन-तीन गट येऊन गेलेले असतात. हा खर्च कुणाकडूनच वसूल होत नाही. प्रत्येक न्हाणीघरात झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या ठेवणं एवढाच त्यावर इलाज आहे.

आता वसुलीचं. ‘काहीही मोडल्यास ५,००० रुपये दंड’ अशी पाटी लावू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते, मिळते ती वाजवी भरपाई. त्यापेक्षा वस्तूंचं दरपत्रक करा : कमोड बसवण्याच्या मजुरीसह, गादी, उशी, चादर, टॉवेल, रिमोट, खोलीची किल्ली. खरेदीची बिलं फाइलला लावून ठेवा. जुन्या वस्तूला नव्याची किंमत मागू नका. पाच वर्षं वापरलेल्या गादीचे पूर्ण पैसे कुठेच ग्राह्य धरले जात नाहीत आणि मागणाऱ्याचं नाव मात्र परीक्षणात खराब होतं. कापलेली रक्कम, फोटो आणि बिल एकत्र पाठवा, उरलेले पैसे त्याच दिवशी परत करा.

प्रश्न : माझी बुकिंग एअरबीएनबीवरून येतात. त्यांचं लाखो डॉलरचं संरक्षण आहे म्हणे. मग वेगळा विमा कशाला?
– वाचक, तारकर्ली

उत्तर : त्यांच्या ‘एअरकव्हर’मध्ये यजमानाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ३० लाख डॉलरपर्यंतची आणि पाहुण्याला इजा झाल्यास उत्तरदायित्वासाठी १० लाख डॉलरपर्यंतची मर्यादा आहे. यातलं नुकसानीचं संरक्षण विमा नाही, कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेली हमी आहे. नैसर्गिक आपत्ती, रोजच्या वापरातली झीज आणि रोख रक्कम तिच्यात येत नाही. म्हणजे वादळात उडालेल्या छपरासाठी तिचा उपयोग शून्य.

पाहुण्याने केलेल्या मोडतोडीसाठी मात्र ती खरोखर उपयोगी आहे, वेळ पाळली तर. चेक-आउटपासून १४ दिवसांच्या आत त्यांच्या निवारण केंद्रात मागणी नोंदवायची. पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात. त्याने नकार दिला किंवा गप्प बसला तर प्रकरण कंपनीकडे सोपवायचं. फोटो, बिल किंवा दुरुस्तीचा अंदाज आणि ॲपमधलाच संवाद लागतो. पुढचा पाहुणा खोलीत शिरण्याआधी फोटो घेतलेले असावेत, नाहीतर कुणी मोडलं हाच प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे नेमकं इथेच घसरतं. पाहुणे दोन दिवस ॲपवरून राहतात, जागा आवडते, तिसरा दिवस रोखीने वाढवतात. त्या तिसऱ्या दिवशी एसी जळाला तर ॲपच्या हिशेबी ते पाहुणे तुमच्याकडे नव्हतेच. मुक्काम वाढवायचा तर बुकिंगही ॲपवरच वाढवा. फोनवर येणाऱ्या ओळखीच्या गटांसाठी अनामत आणि स्वतःचा विमा याला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्याकडे झोपाळा आहे, विहीर आहे, जेवणही आम्हीच देतो. कुणी पडलं, कुणाला जेवण बाधलं, कुणी समुद्रात बुडालं तर आमच्यावर येईल का? कुठला विमा घ्यावा?
– वाचक, हरिहरेश्वर

उत्तर : येऊ शकतं, आणि ही रक्कम घराच्या नुकसानीपेक्षाही मोठी असू शकते. तुमच्या हलगर्जीपणामुळे पाहुण्याला इजा झाली तर उपचाराचा आणि भरपाईचा भार तुमच्यावर येतो. त्यासाठी ‘सार्वजनिक उत्तरदायित्व’ विमा घ्यावा लागतो, इंग्रजी नावाने ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणून विचारा. त्यात दोन मर्यादा असतात : एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात सगळ्या घटना मिळून किती. खाद्यपदार्थांमुळे होणारी विषबाधा आणि पोहण्याचा तलाव हे बहुधा जादा कलमाने जोडून घ्यावे लागतात. मागितलं नाही तर पॉलिसीत नसतं. घरचे लोक आणि नोकर यात येत नाहीत. नोकरांसाठी कर्मचारी भरपाईचा वेगळा विमा असतो.

विमा असला तरी हलगर्जीपणा दिसणार नाही एवढी व्यवस्था हवीच. झोपाळ्याच्या कड्या आणि तुळईतले हुक खाऱ्या हवेत आतून गंजतात, वरून रंग चांगला दिसतो. दर हंगामाआधी कडी काढून घासून बघा आणि जिथे घासून बारीक झाली असेल तिथे नवी घाला. विहिरीला कठडा असेल तरी वर लोखंडी जाळी बसवा, मुलं कठड्यावर चढतात. न्हाणीघरात गुळगुळीत टाइल्स असतील तर निदान शॉवरखाली खरखरीत टाइल्स बसवून घ्या. विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. गीझर आणि ओल्या भिंतींच्या घरात जीव वाचवणारी वस्तू तीच. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून खटका पडतो का ते बघा. स्वयंपाकघराजवळ ४ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहत जा.

पाहुण्यांचं जेवण घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर करत असाल तर ते आजच बंद करा. व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. आग लागल्यावर सर्व्हेअरला लाल सिलिंडर सापडला की तुमची बाजू तिथेच लंगडी पडते.

समुद्रात बुडण्याच्या घटनांबद्दलही तुम्ही विचारलं आहे. पाहुणा स्वतःहून समुद्रात गेला तर ते तुमच्या जागेबाहेर झालं. पण तुम्ही होडी ठरवून दिली, तुमच्या माणसाने त्याला खडकावर मासे धरायला नेलं, तर तुमचा संबंध येतो. भरती-ओहोटीच्या वेळा रोज फलकावर लिहा, धोक्याची जागा तोंडी सांगा आणि तेच व्हॉट्सॲपवरही पाठवा.

प्रश्न : आवारात उभ्या पाहुण्यांच्या गाडीवर नारळ पडून काच फुटली. ते आमच्याकडे पैसे मागतात.
– वाचक, आंजर्ले

उत्तर : त्यांच्या गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर काच त्यातून मिळते, आधी तिकडे क्लेम करायला सांगा. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. तुमची जबाबदारी आहे की नाही हे गाडी तिथे कुणी लावायला सांगितली यावर ठरतं. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी सगळं झाकत नाही. ताजमहाल हॉटेलच्या वाहनतळातून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की किल्ली स्वतःकडे घेणाऱ्या हॉटेलला अशा सूचनेमागे लपून हलगर्जीपणा झटकता येत नाही. तेव्हा किल्ली तुमच्याकडे ठेवून घेऊ नका, आणि माडाखाली गाडी लावूच देऊ नका. तशी जागाच नसेल तर गाडीवरच्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळा हंगामाआधी पाडेल्याकडून उतरवून घ्या. पाडेल्याच्या अपघातासाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ योजना आहे, तो तिच्यात आहे का हे विचारा.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो. वेंगुर्ल्याचं घर ऑक्टोबर ते मे पर्यटकांना देतो, पावसाळ्यात बंद असतं. गेल्या वर्षी पाहुण्यांबरोबर स्पीकर गेला, आणि पावसात मागचं छप्पर उडालं. दोन्ही क्लेम अडले आहेत.
– वाचक, मुंबई

उत्तर : स्पीकरचा मिळणार नाही. घरफोडीच्या विम्यात कुलूप, कडी, खिडकी जबरदस्तीने तोडल्याची खूण लागते. तुम्ही स्वतः किल्ली दिलेला पाहुणा वस्तू घेऊन गेला तर ती चोरी असते, घरफोडी नव्हे. नोंदवहीत ओळखपत्राची प्रत असेल तर पोलिसांत तक्रार करा. सुटता येण्याजोगी महागडी वस्तू खोलीत ठेवू नका किंवा भिंतीला जखडा.

छपराचं प्रकरण वेगळं आहे. घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं आणि कंपनीची आधी संमती घेतली नाही, तर संरक्षण थांबतं अशी अट व्यवसायाच्या अग्निविम्यात असते. म्हणून मेअखेरीस कंपनीला ईमेल करा, घर कधीपासून कधीपर्यंत बंद आहे ते लिहा आणि संमतीचं पत्र मागा. गावात राखणदार असेल तर त्याने आठवड्यातून एकदा जाऊन दार उघडावं, आतून फोटो पाठवावेत. ते फोटो तारखेनिशी जपून ठेवा.

क्लेम लेखी नाकारला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नाकारला असेल तर पत्रात कुठल्या अटीचा आधार घेतला आहे ते बघा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. त्या दिवसांतले वाऱ्याचे इशारे, तलाठ्याचा पंचनामा, शेजारच्या घरांचे फोटो, राखणदाराचे फोटो आणि सुताराचा लेखी अंदाज जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, एकमालकी आणि सूक्ष्म व्यवसायांच्याही. फी नाही, वकील लागत नाही. तक्रारीसाठी विमा नियामकाचा १५५२५५ हा फोन क्रमांकही आहे. दरम्यान उघड्या छपरावर ताडपत्री घालायला थांबू नका. पुढचं नुकसान टाळणं हे तुमचं कर्तव्य पॉलिसीतच लिहिलेलं असतं. मात्र फुटलेली कौलं आणि मोडलेले वासे सर्व्हेअर बघून जाईपर्यंत फेकू नका, अंगणाच्या कडेला रचून ठेवा.